अण्णांना अंटार्क्टिकावर उतरायचंय, नुसतं बघायचं नाहीये

आज डोकं फिरलंय माझं म्हणून लिहितेय. सकाळी अण्णांना घेऊन गंगापूर रोडला एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेले. भिंतीवर भलंमोठं पोस्टर, एकाच बर्फावर पांढरं अस्वल आणि पेंग्विन शेजारी शेजारी. अण्णांनी पंचवटीत तीस वर्षं भूगोल शिकवलाय. ते शांतपणे म्हणाले, "अहो, अस्वलं उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला, यांची गाठ पडत नाही." तर तो म्हणतो, "काका, बर्फ इथून तिथून सारखाच!"

सारखाच?? माणूस जन्माची पुंजी तुमच्या टेबलावर ठेवतोय आणि त्याला कुठे नेणार हे तुम्हालाच माहीत नाही!

आमच्याकडे अण्णांचा जुना ग्लोब आहे. स्टँडचा खालचा स्क्रू बरोब्बर अंटार्क्टिकावर बसलाय, अर्धा खंड झाकला गेलाय. लहानपणी मी विचारायचे, याच्याखाली काय आहे? अण्णा म्हणायचे, जाऊन बघायला पाहिजे. चाळीस वर्षं ऐकतेय हे.

आणि हा ट्रॅव्हलवाला गळ्यात काय मारत होता, तर हजारो लोकांचं मोठं जहाज, "स्वस्त पडतं काका". घरी येऊन वाचलं तर तिथल्या क्रूझवाल्यांच्या आयाटो संघटनेचा नियमच आहे, ५०० च्या वर प्रवासी असतील तर त्या जहाजातून कोणालाच किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि लहान जहाजातूनही एका ठिकाणी एका वेळी १०० च माणसं. म्हणजे अण्णांनी एवढ्या लांब जाऊन डेकवरून बघायचं आणि मागे फिरायचं. हे सांगायला नको आधी?

भाचा म्हणतो स्वालबार्डला न्या, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या बेटांवर. बरोबर आहे त्याचं, तिथल्या लाँगइयरब्येन गावापर्यंत विमान जातं, उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, भारताचं हिमाद्री संशोधन केंद्रही तिकडेच, २००८ पासून. आणि अंटार्क्टिकाला जायचं तर अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरातून निघालं की ड्रेक पॅसेज या खवळलेल्या समुद्रातले दोन दिवस भल्याभल्यांना आडवं करतात, अण्णा ७४ चे, मान्य. पण स्वालबार्ड ग्लोबवर उघडा दिसतो हो, त्यासाठी नव्हते ते इतकी वर्षं थांबले.

येताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. आत्ता दिवाणखान्यात ग्लोब मांडीवर घेऊन बसलेत, नखाने तो स्क्रू खरवडतायत, पेंग्विनची पिल्लं जानेवारीत दिसतात ना गं, विचारतायत. हो अण्णा, जानेवारीतच जाऊ.

लहान जहाजाने आईवडिलांना घेऊन कोणी गेलं असेल तर प्लीज इनबॉक्समध्ये सांगा, जहाजातून त्या रबरी बोटीत उतरताना हात धरायला माणूस असतो का? अण्णांचा उजवा गुडघा दुखतो.