‘येशूचा जन्म मंडपांच्या सणातच’ म्हणणाऱ्यांसाठी

डिसेंबर आला की येशू मंडपांच्या सणात (यहुद्यांचा शरदातला सण) जन्मला, असा हिशेब फिरू लागतो. लूक 1:5 प्रमाणे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या हा अबीयाच्या वर्गातला याजक (मंदिरातला पुजारी). 1 इतिहास 24:10 मध्ये 24 वर्गांत अबीयाचा आठवा. प्रत्येक वर्गाची सेवा एक आठवडा, सणांना सगळेच हजर. नीसानपासून (यहुद्यांचा पहिला महिना, मार्च-एप्रिल) मोजलं, त्यातल्या वल्हांडण सणाचा आठवडा वगळला, की अबीयाची पाळी नवव्या आठवड्यात येते. लगेच सप्ताहांचा सण (पन्नासावा दिवस), म्हणजे जखऱ्या घरी परतला सीवानच्या (मे-जून) मध्यावर, आणि मग त्याची बायको अलीशिबा गरोदर राहिली. तिला सहावा महिना असताना मरीयेला येशूच्या जन्माचा निरोप मिळाला, तो किसलेवमध्ये (नोव्हेंबर-डिसेंबर). पुढे नऊ महिने मोजा, तिश्री (सप्टेंबर-ऑक्टोबर) येतो. मंडपांचा सण!

ऐकायला चोख आहे, पण पायाच कच्चा. वर्गांची मोजणी दर नीसानला पहिल्यापासून सुरू होत होती, हे पवित्र शास्त्र कुठेच सांगत नाही. शिवाय पाळी वर्षातून दोनदा. दुसरी धरलीत तर जन्म वसंतात, वल्हांडणाच्या आसपास जातो. लूक पहिली की दुसरी ते सांगत नाही. आपल्या अधिक मासासारखा यहुद्यांचाही तेरावा महिना असतो. तो आला की सगळी मोजणी सरकते.

काहीजण ताल्मुदातली (यहुदी धर्मगुरूंच्या शिकवणीचा ग्रंथ) परंपरा घेतात: यरुशलेमेचं मंदिर पडलं त्या 9 आबला (जुलै-ऑगस्ट) यहोयारीबाच्या, म्हणजे पहिल्या, वर्गाची पाळी होती. तिथून, म्हणजे इ.स. 70 पासून, अखंड मागे मोजत यायचं. पण 24 आठवड्यांच्या दोन फेऱ्या म्हणजे 336 दिवस, त्यामुळे पाळी दर वर्षी 29 दिवस अलीकडे येते. जन्माचं वर्ष ख्रि.पू. 7 की 4, यावर तीन महिन्यांचा फरक पडतो! वर्ष ठरवायला येशूच्या जन्मावेळचा राजा हेरोद याचा मृत्यू बघावा, तर बहुतेक अभ्यासक ख्रि.पू. 4 म्हणतात, काही ख्रि.पू. 1.

गंमत म्हणजे चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने लूकच्या याच अध्यायावरून 25 डिसेंबर काढला. त्याने जखऱ्याला महायाजक धरून प्रायश्चित्ताच्या दिवशी (हाही शरदात) मंदिराच्या आतल्या परमपवित्रस्थानात नेलं आणि तिथून पुढचे महिने मोजले. लूकचा जखऱ्या मात्र चिठ्ठी निघाली म्हणून धूप जाळायला गेलेला साधा याजक.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. हीच मंडळी लेवीय 23 (सणांची यादी) शिकवताना सांगतात की वसंतातले सण येशूच्या पहिल्या आगमनात पूर्ण झाले, शरदातले दुसऱ्यासाठी राखून ठेवलेत. वल्हांडण आणि पन्नासाव्या दिवसाबाबत नव्या करारात स्पष्ट आधार आहे. मंडपांच्या सणासाठी ते जखऱ्या 14:16 उघडतात (हा संदेष्टा, योहानाचा बाप नव्हे), तिथे सगळी राष्ट्रं यरुशलेमेला चढून जातात. मग शरदातला हाच सण पहिल्या आगमनात, बेथलेहेमात, कसा काय पूर्ण झाला?