आठ प्रश्न न वाचताच काळे केले

रविवारी टोइक दिली, म्हणजे कामाच्या इंग्रजीची ऐकण्या-वाचण्याची परीक्षा. वेळ संपायला एक मिनिट उरलं तेव्हा मी १९२ नंबरवर होतो. पुढचे आठ प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून आठही ओळींत सी काळा केला आणि पेन्सिल ठेवली. मंगळवार उजाडला तरी डोक्यातली तिडीक जात नाही.

कुठे अडकलो तेही सांगतो. तीन उताऱ्यांचा तो संच. एक जाहिरात, तिच्यावर गिऱ्हाइकाचा ईमेल, आणि त्याखाली बिल. प्रश्न इतकाच की त्या बाईला सवलत किती मिळाली. त्यासाठी जाहिरातीतली अट शोधा, ईमेलमधली तारीख त्या अटीत बसते का बघा, मग बिलातला आकडा धरा. तारखेखाली रेघ मारावी म्हटलं तर आमच्या केंद्रावर पुस्तिकेत खूण करायला बंदी. म्हणजे डोळे वर, डोळे खाली, पुन्हा वर, आणि भिंतीवरचं घड्याळ आपलं पळतंय. हे इंग्रजी येतं का याची परीक्षा नाही. पंच्याहत्तर मिनिटांत किती कागद उलथेपालथे करता येतात याची परीक्षा आहे.

मी हीच परीक्षा २०१४ मध्ये दिली होती. ८१५ मिळाले होते, आणि शेवटी पाच मिनिटं हातात होती. आता एचआर म्हणतं, तो स्कोअर जुना, दोन वर्षांच्या आतला आणा, नाहीतर प्रमोशनची फाइल पुढे जाणार नाही. मधल्या वर्षांत रोज इंग्रजीत काम केलंय. परदेशातल्या गिऱ्हाइकांचे कॉल घेतले, करार वाचले, भांडणं मिटवली. ते कुठेच मोजलं जात नाही. वर माझा वरिष्ठ विचारतो, ‘अहो, गेल्या वेळी ८१५ होते ना, मग आता काय अवघड?’

अवघड हे, की ती परीक्षा राहिलीच नाही! २०१६ मध्ये आतून सगळी बदलली. पटकन सुटणारं होतं तेच कापलं. फोटोंचे प्रश्न १० होते, ते ६ केले. एका वाक्यातली गाळलेली जागा भरायचे ४० होते, ते ३०. तिथेच तर आपण वेळ वाचवायचो! आणि वाढवलं काय, तर लांबलचक वाचन. पार्ट सेव्हन, म्हणजे उतारे वाचून उत्तरं द्यायचा भाग, ४८ प्रश्नांवरून ५४ वर गेला आणि त्यात हे तीन-तीन उतारे घुसवले. वाचनाला वेळ मात्र तीच ७५ मिनिटं. एकूण प्रश्न तेच २००, कमाल गुण तेच ९९०. बाटलीवरची चिठ्ठी जुनीच ठेवली आणि आतलं औषध बदललं. चिठ्ठी बघून निर्णय घेणाऱ्यांना याचा पत्ताच नाही. आमच्या एचआरमधल्या एकालाही परीक्षा बदलल्याचं माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर उत्तर काय आलं? ‘कट-ऑफ सगळ्यांना सारखाच आहे.’

परीक्षा घेणारे बदलाचं कारण असं देतात की आता कामाच्या ठिकाणी इंग्रजी असंच वापरलं जातं. म्हणून ऐकण्याच्या भागात एकाच संभाषणात तीन माणसं बोलतात, ‘गोइंग टू’चं ‘गॉना’ होतं, समोर तक्ता ठेवून संभाषण ऐकायचं असतं. ठीक आहे, ते मला पटतं. पण कुठल्या ऑफिसात माणूस एकदाच बोलतो आणि ‘पुन्हा सांगाल का’ म्हणायची सोय नसते? मी दिवसातून दहा वेळा विचारतो. समजून घेणारा माणूस विचारतोच.

आणि ते उच्चार! २००६ च्या बदलात अमेरिकनच्या जोडीला कॅनेडियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन आणले. माझ्या कॉलवर चेन्नईचा माणूस असतो, मनिलाची बाई असते, सिंगापूरचा साहेब असतो. त्यांचं इंग्रजी हे कामाचं इंग्रजी नाही का? १९७९ मध्ये परीक्षा सुरू झाली ती जपानमध्ये, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लोकांसाठी. आम्ही आपापसात जे इंग्रजी बोलतो त्याला त्या ध्वनिफितीत अजून जागा नाही. याचा मला रविवारच्या आठ प्रश्नांपेक्षा जास्त राग येतो.

बोलण्याचं तर विचारूच नका. बोलण्या-लिहिण्याच्या परीक्षा २००६ पासून आहेत, पण वेगळ्या, वेगळी फी भरून. आमच्या कंपनीला त्या नकोतच, फक्त ऐकणं-वाचणं हवं. माझ्या शेजारच्या टीममध्ये ९०० च्या वर स्कोअर असलेला एक जण आहे. गिऱ्हाइकाचा कॉल आला की हेडफोन काढून माझ्याकडे देतो. तो भला माणूस आहे, माझा राग त्याच्यावर नाही. त्याला वर्षानुवर्षं फक्त गोळे काळे करायला शिकवलं, त्यांच्यावर आहे. त्याचं प्रमोशन गेल्या वर्षी झालं.

आणि निकालात बरोबर किती, चूक किती हेसुद्धा कळत नाही. बरोबर उत्तरांची संख्या त्यांच्या मापात बसवून ऐकणं आणि वाचणं अशा प्रत्येक भागाला ५ ते ४९५ मधला एक आकडा हातात देतात. कुठला प्रश्न चुकला ते सांगत नाहीत, प्रश्नपत्रिका घरी नेऊ देत नाहीत. मग सुधारायचं कशाच्या आधारावर?

काल रात्री बसून एचआरला मेल लिहिला. २०१६ च्या आधीची आणि नंतरची प्रश्नसंख्या शेजारी शेजारी मांडली आणि एकच मागणी केली: कट-ऑफ ठेवा, पण त्याच्या जोडीला माणसाला पंधरा मिनिटं समोर बसवून इंग्रजीत बोला. आज दुपारी उत्तर आलं. पुढच्या परीक्षेची तारीख आणि नोंदणीची लिंक पाठवली आहे.