कुणाच्या तुम्ही?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, नवा चेहरा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला. "कुणाच्या तुम्ही?" नगर, जालना, सोलापूर, कुठल्याही भागातल्या मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न नवा नाही. आडनाव सांगा, मूळ गाव सांगा, आजोबा कुठल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते ते सांगा, की दोन मिनिटांत कुणाची तरी मामेबहीण, नाहीतर चुलतसासू निघते. मला स्वतःला हा प्रश्न आवडतो. नगरहून पुण्यात नोकरीला आले तेव्हा याच प्रश्नाच्या जोरावर कितीतरी रविवारी मी लोकांच्या घरी जेवले आहे.

पण जी आपल्यातल्या कुणाचीच नाही, तिनं काय उत्तर द्यायचं?

मागच्या वर्षी माझ्या बँकेतली मैत्रीण चर्चला आली. शाळेत तिला रेव्हरंड ना. वा. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता होती आणि ती अजून तोंडपाठ आहे. "ज्यांनी ती पक्षीण लिहिली त्यांची माणसं उपासनेत काय गातात ते ऐकायचंय एकदा," एवढंच तिचं म्हणणं. नवस नाही, संकट नाही, वाद घालायचा नाही. ऐकायचं होतं.

आधी माझी चूक कबूल करते. मी गायनमंडळात, म्हणजे पुढे. ती मागच्या बाकावर एकटी. शेजारी कुणाला तरी बसवायला हवं होतं, ते मला सुचलंच नाही. मी तिला साडेआठची वेळ सांगितली होती म्हणून बरं, कारण फाटकावरच्या पाटीवर ९ लिहिलंय. ती हिवाळ्याची वेळ. उन्हाळ्यात आम्ही अर्धा तास आधी सुरू करतो हे सगळ्यांना माहीत असतं. 'सगळ्यांना' म्हणजे आम्हाला.

तिच्या हाती आलेल्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं आणि पहिली काही पानंही नव्हती. गीताचा क्रमांक पुकारला, ती पान शोधेपर्यंत दोन कडवी संपली. मग सगळे उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपण कशावर विश्वास ठेवतो त्याची ठरलेली कबुली, घडाघडा म्हणू लागले. ती नवीन शाळेत आलेल्या मुलीसारखी ओठ हलवत उभी. अर्पणाची थैली आली तेव्हा तिनं शंभराची नोट टाकली आणि थैली धरणाऱ्या काकांना हळूच विचारलं, "पावती मिळते का?" काकांनी ऐकलं न ऐकलं केलं.

नेमका तो महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. एकेक रांग उठून वेदीकडं जाऊ लागली. तिची रांग उठली तशी तीही उठली. कठड्यापाशी पोचली तेव्हा मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एकानं तिच्यापुढं आडवा हात धरला आणि विचारलं, "दृढीकरण झालंय का तुमचं?" दृढीकरण म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यानं कळत्या वयात आपला विश्वास जाहीर करण्याचा विधी, पण तिला वाटलं, केवायसीसारखं काहीतरी राहून गेलंय. सगळ्यांसमोर वळून ती परत जागेवर गेली. मी समोरून बघत होते आणि तोंडानं गात होते.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. प्रभुभोजन कुणी घ्यावं हे ज्या त्या मंडळीनं ठरवावं. तक्रार एवढीच आहे की पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, रांगा उठायच्या आधी दोन वाक्यं बोलायला हवी होती. "हे भोजन बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेल्यांसाठी आहे. आज पाहुणे आले असतील तर त्यांनी जागेवर शांतपणे बसावं, त्यांच्यासाठीही आपण प्रार्थना करतोय." पंधरा सेकंदांचं काम. त्याच दिवशी सूचनांना अठरा मिनिटं लागली. त्यात पत्र्याच्या शेडचा खर्च तर दोनदा वाचला.

बाहेर पडताना पाळकसाहेबांनी हात मिळवला. "कुणाच्या तुम्ही?" ती म्हणाली, "पाहुणी आहे." "अच्छा, अच्छा. येत जा." आणि हात पुढच्या माणसाकडं. तेवढ्यात दुसऱ्या एका उत्साही भावांनी तिचा मोबाइल नंबर घेतला. दुपारी दोनपासून तिच्या फोनवर सूर्योदय, कबुतर आणि वचन अशी चित्रं यायला लागली. रोज पाच. म्हणजे एक तर आम्ही पाहुण्याकडं बघतच नाही, नाहीतर त्याच्या अंगावरच पडतो. अधलंमधलं आम्हाला जमत नाही.

याला हल्ली आणखी एक पदर आलाय. भीतीचा, आणि तो दोन्हीकडून आहे. प्रार्थनासभेत घुसून कुणी गोंधळ घातल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळं मागच्या बाकावर अनोळखी माणूस मोबाइल काढून बसला की आमच्या कमिटीवाल्यांची कुजबुज सुरू होते. आणि येणाऱ्याला वाटत असतं की इथं नाव लिहून दिलं की आपला धर्म गेला. अशा वेळी नंबर मागणं, फॉर्म भरून घेणं, न विचारता हातात पत्रक कोंबणं हे तिन्ही बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला विचारायचं असेल ते तो विचारेल. आपण तिथं असलं पाहिजे, इतकंच.

टिळकांचंच बघा ना. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक साहेब भेटला. त्यानं धर्माचं काढायच्या आधी काव्याच्या गप्पा मारल्या. एका कवीशी कवितेबद्दल बोलला! मग उतरायच्या आधी नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूबद्दलच्या भागाची, प्रत दिली. टिळकांना त्या पुस्तकाची काही ओढ नव्हती. वाचीन असा शब्द दिला होता म्हणून ते वाचायला बसले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. आजही आपण त्या साहेबाला 'आगगाडीतला साहेब' असंच म्हणतो. त्यानं पत्ता घेतला नाही, पाठपुरावा केला नाही.

पण पुढचा भाग आपण सांगायला विसरतो. पुस्तक वाचल्यावर टिळकांना प्रश्न पडले, शेकड्यानं पडले. मुंबईच्या जस्टिन अ‍ॅबट या मिशनऱ्याला त्यांनी पत्रं लिहिली, तीही सुरुवातीला आपलं नाव न कळवता. अ‍ॅबट उत्तरं देत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला तो या सगळ्यानंतर. आणि हे अ‍ॅबट म्हणजे तेच, ज्यांनी उतारवयात तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई इंग्रजीत नेले. ज्याला समोरच्याच्या घरातलं ऐकायची आवड असते, त्याच्या पत्राची भाषाही वेगळी असणार.

आता मला सांगा, आज एखाद्या निनावी वाचकानं आपल्या मंडळीच्या ऑफिसला पत्र लिहून विचारलं की त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे नेमकं काय, तर त्याला उत्तर कोण देईल? आमच्याकडं तर ते पत्र आधी कमिटीपुढं ठेवतील.

आणि पाहुणा आला म्हणजे तो सभासद झालाच पाहिजे, हा हिशेबही सोडा. जोतिराव फुले नगरला आले होते, सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंची मुलींची शाळा बघायला. बघितली, परत गेले, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. ख्रिस्ती झाले नाहीत. नंतर मिशनऱ्यांशी त्यांचे मतभेदही झाले असतील. पण फरार बाईंच्या शाळेत त्या दिवशी त्यांना दाराशी "कुणाचे तुम्ही?" विचारून वाटेला लावलं असतं तर? आमच्या नगरच्या माणसांनी ही गोष्ट अभिमानानं सांगावी. पण आपल्या वार्षिक अहवालात अशा पाहुण्यासाठी रकानाच नसतो. रकाने बाप्तिस्मे, दृढीकरणं, लग्नं आणि वर्गणीचे.

यावर आमचे एक ज्येष्ठ काका म्हणाले, "उपासना म्हणजे काही शो नाही. देवळात गेल्यावर कोण समजावून सांगतं तुम्हाला?" काकांचा मान राखून म्हणते, देवळात जाणाऱ्याला लहानपणापासून सगळं ठाऊक असतं. आणि तिथंही कीर्तन असतंच की! कीर्तनकार कधी 'आपण सर्व जाणताच' म्हणून आख्यान उरकत नाही. हरिश्चंद्र कोण, त्यानं काय शब्द दिला होता, सगळं पहिल्यापासून सांगतो, आणि ज्यांना माहीत आहे तेही मान डोलावत ऐकतात. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उचललं ते काय उगाच? त्यांच्याही आधी, १६१६ साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण ओवीत आलं. ज्यांना पुराण ऐकायची सवय होती, त्यांच्यासाठी त्या इंग्रज माणसानं मराठी शिकून पुराणच लिहिलं. आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. शेवटची प्रुफं हातावेगळी केली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. इतकी वर्षं खपल्या त्या कुणासाठी? खेड्यातल्या साध्या बाईला वाचताना अडू नये म्हणून.

आणि आम्ही? 'आपणा सर्वांस विदित आहेच' हे आमच्या उपदेशातलं सर्वांत लाडकं वाक्य.

त्याचा एक नमुना देते. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायावर, विहिरीवरच्या शोमरोनी बाईवर, मी आजवर वीसेक उपदेश तरी ऐकले असतील. बहुतेकांत त्या बाईच्या पाच नवऱ्यांचा हिशेब असतो आणि मग 'जिवंत पाणी' असतं. शोमरोनी म्हणजे कोण, हे कुणी सांगत नाही. नव्या माणसाला वाटतं, असेल एखादं आडनाव. खरं तर शोमरोनी म्हणजे यहूद्यांच्या शेजारच्या शोमरोन प्रांतातले लोक, आणि त्याच अध्यायात लिहिलंय की यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. त्या बाईला धक्का बसतो तो याचाच. तुम्ही यहूदी असून माझ्याकडं पाणी कसं मागता? महाराष्ट्रात हे समजावून सांगायला शब्दकोश लागतो का? १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर माणसं कशासाठी गेली होती, हे पाचवीतलं पोरगं सांगेल. आपल्या बाकांवर बसलेल्या निम्म्या घरांत पाणी वरून ओतून घेतल्याच्या आठवणी आहेत. त्या विहिरीला या तळ्याशेजारी आणून ठेवा, मागच्या बाकावरचा पाहुणा मोबाइल खिशात ठेवतो की नाही बघा. शिवाय त्या गोष्टीत येशू आधी काही देत नाही, मागतो. थकून बसलाय आणि म्हणतो, मला प्यायला दे.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हेच कागदावर केलं. त्यांच्या संपादनाखाली 'सुवार्ता' मासिकात चर्चच्या बातम्या होत्या, पण वसईचं पाणी, वसईची जमीन, हिरवाई, दहशत हेही होतं. त्यामुळं ख्रिस्ती नसलेला वसईकरही ते वाचायचा. तेच फादर पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपल्या मंडळ्यांची वार्षिकं उघडून बघा. पहिली दहा पानं शुभेच्छांची आणि फोटोंची. बाहेरच्या माणसानं त्यात काय वाचावं?

मैत्रिणीच्या त्या रविवारनंतर मी महिला मंडळात विषय काढला. ठराव वगैरे काही केला नाही. एवढंच ठरलं की दर रविवारी आमच्यातल्या एकीनं मागच्या बाकावर बसायचं. नवं कुणी आलं तर सरकून जागा करायची, गीताचं पान काढून द्यायचं, पुढं काय होणार ते कानात सांगायचं. नाव त्यांनी सांगितलं तर ऐकायचं. बहुतेक रविवारी कुणीच येत नाही आणि पाळी असलेली बाई कंटाळते, हेही सांगून टाकते. एकदा एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आले. बाहेर ऊन होतं म्हणून आले, असं ते स्वतःच म्हणाले. पाणी मागितलं, ते दिलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, दुसऱ्या चर्चमध्ये क्रुसावर येशू असतो. तुमच्याकडं नुसताच क्रूस. असं का?" पाळी होती आमच्या सत्तरीच्या मावशींची. त्या म्हणाल्या, "उतरला ना तो." माझ्या माहितीत याहून छोटा पुनरुत्थानाचा उपदेश कुणी केलेला नाही.

मैत्रीण मात्र पुन्हा आली नाही. मीही आग्रह केला नाही. पण बँकेच्या सुट्ट्यांची यादी लागली, तीत गुड फ्रायडे होता, तेव्हा तिनं मला गाठलं. "तुमच्यात त्याला उत्तम शुक्रवार म्हणतात ना? ज्या दिवशी तो मेला, त्याला उत्तम का म्हणता गं?" मला घाईघाईत धड उत्तर देता आलं नाही. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "छान प्रश्न आहे. त्यांना बुधवारी बायबल क्लासला पाठवा."

यंदा उत्तम शुक्रवारच्या उपासनेसाठी येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांचं, एकेकानं एकेकावर बोलायचं म्हणून, वाटप झालं, त्यात पाचवा माझ्याकडं आलाय. 'मला तहान लागली आहे.' दहा मिनिटं मिळतात. सुरुवात तिच्या प्रश्नानं करायची, हे ठरवलंय. तसं तिला कळवलं आणि म्हटलं, ऐकायला ये, यावेळी मी तुझ्याशेजारी बसणार, गायनमंडळातून सुट्टी घेतलीय.

काल रात्री तिचा मेसेज आला. "येते. येताना काही आणायचं असतं का? फुलं, मेणबत्ती?"

मी लिहिलं, "काही नको. पाण्याची बाटली आण. बारा ते तीन आहे, आणि पंखे दोनच चालतात."