वसईच्या घंटा आणि आमचा चुना

रविवारी संध्याकाळी पापडी तलावाच्या कट्ट्यावर विषय निघाला तो घंटेवरून. संजय नुकताच वाईला जाऊन आला होता. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेचा फोटो त्याने मोबाइलवर मोठा करून दाखवला. तिच्यावर १७०७ साल आहे.

"ही वसईच्या पोर्तुगीजांकडून आलेली. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटाही तशीच. वसईला परत मागायला हव्यात."

"कशाला?" रेमंड म्हणाला. तो कुपारी, म्हणजे वसईतल्या एका जुन्या ख्रिस्ती समाजातला, सांडोर गावचा. "तिथले लोक अडीचशेहून जास्त वर्षं तिला जपतायत. इथल्या पडक्या मनोऱ्यात काय झालं असतं तिचं? आधी जे इथं उभं आहे त्याचं बोला."

दत्ताला तेही पटेना. "किल्ल्यातली चर्च म्हणजे परकीयांची सत्ता. १५३४ला गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई घेतली आणि दोनशे वर्षं इथल्या माणसांना छळलं. त्या भिंतींवर आपला पैसा कशाला?"

त्याचा राग खोटा नाही. इथली देवळं पाडली गेली, माणसं बाटवली गेली, हे मलाही मान्य आहे. पण १७३९ला मराठ्यांनी वसई जिंकली त्या मोहिमेचा अभिमान आपण बाळगतो, तर चिमाजीअप्पांनी काय जिंकलं ते दाखवायला तो तट आणि ते मनोरे उभे नकोत का? आणि शरणागतीच्या तहात ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक मिळाली, हीसुद्धा त्याच विजयातली गोष्ट आहे. शिवाय गोन्सालो गार्सिया परका कसा? आई इथली, जन्म वसईचा. १५९७ला नागासाकीत त्याला क्रूसावर मारलं, १८६२ला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो.

मी दत्ताला म्हटलं, एकदा माझ्याबरोबर किल्ल्यातल्या संत अँथनीच्या चर्चमध्ये ये. छप्पर नाही, जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेत. मागच्या पावसाळ्यात मी तिथं उकिडवा बसून एका दगडावरचं शेवाळ हाताने बाजूला केलं. पोर्तुगीज अक्षरं, घराण्याचं चिन्ह, आणि एक कोपरा पायांनी झिजून गुळगुळीत झालेला. शेजारच्याच दगडावर लग्नाआधीच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याचा स्टँड रोवला होता. त्या पोरांना आपण काय तुडवतोय ते कुणी सांगितलेलंच नव्हतं.

"किल्ल्याला निदान पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे," रेमंड म्हणाला. "गावातल्या चर्चला कोण आहे?"

इथं मात्र आमचं दोघांचं जुंपलं. आमच्याकडच्या एका जुन्या चर्चच्या भिंतीचा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला. तीन पावसाळ्यांत पांढरे फुगे आले, पोपडे गळायला लागले. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटने ती कोंडली जाते आणि आपल्या खाऱ्या हवेत आतल्या आत दगडसुद्धा भुसभुशीत होतो. मी तावातावाने हे सांगितलं, तर रेमंड भडकला.

"तू वर्षातून दोनदा बघायला येतोस. आमची आजी गळक्या कौलाखाली मिस्साच्या प्रार्थनेला बसते. लोक वाढले, जागा पुरत नाही. आमचं चर्च म्हणजे म्युझियम नाही."

त्याचं बरोबर होतं, आणि मी तसं म्हणालोही. कौलं बदला, वासे बदला, बाजूला पडवी वाढवा. मराठीत मिस्सा होणारी, सणाला अंगण भरून जाणारी चर्च आहेत म्हणून तर वसई वसई आहे. पण दर्शनी भिंत पाडून काचेची लावू नका, लाकडी वेदीवर ऑइलपेंट फासू नका, आणि चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा. एवढंच मागणं आहे.

"लावू. पण चुना मळणारा आणू कुठून?" रेमंडचा आवाज खाली आला होता. "कंत्राटदाराला विचारलं, तर म्हणाला, सिमेंटशिवाय हात लावणार नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दत्ताच म्हणाला, "आमचे आजोबा चुन्याची घाणी चालवायचे. बैल जुंपून. शिंपल्यांचा चुना, त्यात गुळाचं पाणी, हिरडा. दगडी चाक अजून आमच्या वाडीत आहे, केळींच्या मागं. थोरल्या काकांना प्रमाण ठाऊक असेल."

"काका बोलतील का चर्चच्या कामासाठी?"

"आजोबांनी चर्चचंही काम केलंय रे," दत्ता म्हणाला. "उद्या सकाळी या. चाकावरची माती काढायला माणसं लागतील."