तसबीह, खिचडी आणि 'स्पष्टवक्ता'

'स्पष्टवक्ता' साहेब,

मदरशात राहून शिकणाऱ्या मुलांच्या ताणावर मी लिहिलं, त्याखालच्या प्रतिक्रियेत तसबीहवर, म्हणजे जपमाळेवर, तुमचं वाक्य आहे: "रडणाऱ्या पोराच्या हातात तुम्ही तसबीह देता आणि त्यालाच मनःशांती म्हणता." छान आहे. टाळ्या घेणारं.

आधी चूक कबूल करतो. कुरआनाचे "30 अध्याय" असं मी लिहून गेलो. पारे म्हणजे भाग 30, सूरह म्हणजे अध्याय 114. दुरुस्ती केली, आभार. पण त्यासोबत "बाहेरून बघणाऱ्याचं असंच होतं" हा टोमणा कशाला?

बाहेरून? 1996 साली, दहाव्या वर्षी मी हिफ्जला, म्हणजे कुरआन तोंडपाठ करायला, बसलोय. पत्र्याची पेटी, झाकणावर अम्मीनं खिळ्यानं कोरलेलं नाव. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, आधी उठायचं. रोज नवा सबक म्हणजे धडा, वर सबक-पारा म्हणजे नुकतंच पाठ झालेलं, शिवाय मागचं सगळं आमुख्ता म्हणजे उजळणी. पुढे पाठ, मागे सपाट म्हणतात ना, ते तिथं विनोदानं म्हणत नाहीत. हा ताण तुम्ही मला समजावणार?

सातव्या पाऱ्यात मी अडकलो. तीन दिवस सबक देता आला नाही. घरी कापूस वेचायचा होता, अब्बांना वावर सोडून येता येईना. रात्री गोधडीत तोंड खुपसून सूरह रअदची 28वी आयत पुटपुटायचो: अल्लाहच्या स्मरणानंच मनाला शांती मिळते. आणि हो, श्वास जागेवर यायचा. त्याला तुम्ही खुशाल गुंगी म्हणा.

उस्तादांनी काही विचारलं नाही, हे खरं. विचारलं ते बावर्ची चाचांनी. चुलीपाशी बसवून पातेल्याची खरवड दिली, खिचडीची, आणि जुम्याला नाक्यावरच्या एसटीडीवरून गावात निरोप धाडला. पुढच्या आठवड्यात अब्बा आले. पण तोवर मला तसबीहनंच धरून ठेवलं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

बाकी तुमचं समुपदेशक नेमा, दर आठवड्याला घरी फोन, आकडेवारी कुठे आहे वगैरे. आमच्या तालुक्यात समुपदेशक कुठे बसतो तेवढं दाखवा, मग बोलू. आणि आश्रमशाळेतलं पोट्टं रात्री रडत नाही काय? तिथं तुमचा स्पष्टपणा कुठे जातो?

मतभेदाचं मला काही वाटत नाही. "यांना काय कळतं" हा सूर मात्र मी माझ्या अंगणात चालू देणार नाही. पुढच्या वेळी लिहाल तर स्वतःच्या नावानं लिहा. मी लिहितो.