जुनी भांडी 'नवी' करून विकणाऱ्यांसाठी चार युक्त्या

जुनी भांडी घेऊन, उजळून विकायचा विचार आहे? उत्तम. फक्त घासत बसू नका, ते येड्यांचं काम.

आधी काळा स्प्रे पेंट आणा. बिडाच्या तव्याला गंज चढलाय? मारा रंग. जळक्या तेलाचे थर बसलेत? त्यांच्यावरच मारा. कुणी विचारलंच तर सांगा, 'सीझनिंग केलंय.' खरं सीझनिंग म्हणजे तवा लोखंड दिसेपर्यंत घासा, लगेच कोरडा करा, तेलाचा हात फिरवून तेही जवळजवळ पुसून काढा, मग चांगला तापवा, आणि परत तेच. तेव्हा कुठे तेलाचा कडक थर धरतो. एवढा वेळ आहे कुणाला? परवा मी घेतलेल्या तव्यावर हेच 'सीझनिंग' होतं. आचेवर ठेवला आणि घरभर रंगाचा वास. कालथा फिरवला तर नखाएवढे काळे पापुद्रे सुटून आले. खाली गंज. गंजाखाली काठापासून आत गेलेला बोटभर तडा, आणि तड्यात लांबी भरलेली. लांबी! भिंतीला लावतात ती! म्हणजे तडा दिसला होता की नाही? दिसला होता, म्हणून तर बुजवला. फोन केला तर म्हणे, 'जुनी वस्तू आहे, थोडंफार चालायचंच.' तडा थोडाफार असतो का हो?

असो. युक्त्या.

गंजलेला तवा व्हिनेगरमध्ये बुडवा आणि विसरून जा. गंज संपला की ॲसिड लोखंड खायला घेतं. वजन घटतं, पाठवणी स्वस्त पडते.

ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा. जे फसफसतं ते भांडंच विरघळत असतं, पण मळ निघतोय असं वाटायला काय हरकत आहे?

कल्हईचं तांब्याचं भांडं काजळी जाळायला थेट भट्टीत टाका. कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळतं, कल्हई आपोआप ओघळून जाते आणि 'शुद्ध तांबं' म्हणून चढा भाव मागता येतो.

नॉनस्टिकवरचे ओरखडे काळ्या मार्करने.

कुकरचं गॅस्केट बदलू नका. ते झाकणाच्या आत असतं, फोटोत दिसत नाही.

नाही, कुकरवर मला विनोद सुचत नाही. वाफेच्या दाबाचं भांडं आहे ते. रबर कडक झालेलं, सेफ्टी व्हॉल्व्ह भलत्याच कुकरचा बसवलेला, आणि तुम्ही तो दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाठवता? जुन्या बिडाच्या भांड्यात कधीकधी शिसंही वितळवलेलं असतं, ते घासून जात नाही; घेताना विचारता तरी का? तडा असेल तर भंगारात घाला, नाहीतर 'तडा आहे, भिंतीवर लावायला घ्या' असं स्पष्ट लिहा. डाग आहेत तसे फोटोत दाखवा. जुनी वस्तू शोधणाऱ्याला ती जुनी दिसलेली चालते. रंगाच्या डब्यावर पैसे घालवता, मग एक रबर नवीन टाकायला काय दुखतं हो तुमचं?