‘ओळख पाहू, मी कोण?’ असं विचारू नका

इंदूरच्या मराठी कुटुंबांत एक मेसेज फिरतोय: ‘अल्झायमर म्हणजे म्हातारचळ. रोज “ओळख पाहू, मी कोण?” विचारा, स्मृती परत येते.’ दोन्ही विधानं चुकीची आहेत.

अल्झायमर हा मेंदूचा आजार आहे. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या बाईंचा आजार मांडला, त्या १९०१ मध्ये रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. म्हातारचळ कसला?

नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग बहुधा लवकर बाधतो. म्हणून सकाळी पोहे खाल्लेले आठवत नाहीत, पण लहानपणी पाहिलेला इंदूरचा राजवाडा आठवतो. विसरणं हट्टानं नसतं. चारचौघांत परीक्षा घेतली की माणूस ओशाळतो, चिडतो. स्मृती काही परत येत नाही.

समोर या, नजरेच्या पातळीवर बसा, आपणच सांगा: “मामा, मी तुमची भाची, रामबागेतली.” एका वेळी एकच प्रश्न, तोही सोपा: “चहा की दूध?” मग थांबा, उत्तराला वेळ लागतो. त्यांच्यादेखत ‘यांना काही कळत नाही’ म्हणू नका. शब्द निसटले तरी आवाजातला तुटकपणा कळतो.

लिहिताना ‘वेडा’ नको, ‘अल्झायमर असलेले काका’ लिहा. विसरणं अचानक, एक-दोन दिवसांत वाढलं तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्या. जंतुसंसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो.